शिसवी पलंग दिला, परत आलं पॉलिश मारलेलं प्लाय

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी घरं पाडून नवी बांधणं चाललंय. वाटण्या होतात आणि मागच्या पिढीची कपाटं, पलंग, पेटारे फ्लॅटमध्ये कुठं ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी “लाकूड तुमचंच, फक्त मजुरी द्या, टीव्ही युनिट करून देतो” म्हणणारे लोक गाठ पडतात. त्यातल्या एकानं आम्हाला लुबाडलं. आणखी कुणाच्या घरचं लाकूड असं जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते.

मामंजींच्या खानापूरकडच्या घरातलं दोन दारांचं सागवानी कपाट आणि नक्षीच्या डोक्याचा शिसवी पलंग, एवढंच आमच्या वाट्याला आलं होतं. कपाटाचं टीव्ही युनिट आणि पलंगाचा सामान ठेवायच्या कप्प्याचा बाक करायचं ठरलं. माणूस गोड बोलायचा. “वैनी, एक फळी वाया जाऊ देणार नाही” म्हणाला, टेम्पो घेऊन आला आणि सगळं वर्कशॉपला घेऊन गेला. ॲडव्हान्सची चिठ्ठी दिली ती कन्नडात, त्यात ‘लाकूडकाम’ एवढंच. लाकडाची जात नाही, माप नाही, फळ्या किती तेही नाही. बघायला येतो म्हटलं की “पॉलिश चाललंय, धूळ बसेल, आत्ता नको” हे ठरलेलं उत्तर.

सामान आलं तेव्हा दिसायला देखणं होतं. समोरची दारं आमचीच, त्यामुळं शंका यायला जागाच नव्हती. खटकलं ते बाकाचं वजन. जो पलंग चौघांनी मिळून जिन्यावरून उतरवला, त्याचा बाक दोन पोरांनी सहज उचलून आत आणला. शिसव जड लाकूड, वाळलेलं घनफूट साधारण 23-24 किलो भरतं. सागवान 18 च्या आसपास.

पुढं पावसाळ्यात युनिटच्या खालच्या कप्प्यात पिवळसर पिठाच्या बारीक ढिगोळ्या दिसायला लागल्या. वर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. बेळगावातल्या शहापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ड्रॉवर उपसून उलटा केला आणि पटाशीनं कडेला एक खरवड मारली. कागदासारखा पातळ तांबूस पापुद्रा निघाला, खाली प्लायचे थर. कप्प्याची फळी रबरवुडची. या लाकडात पिष्ट भरपूर असतं म्हणून भुंगा आवडीनं खातो. “बिजागरीची जुनी खाच कुठं आहे? खिळ्याचं एक तरी भोक दाखवा,” मिस्त्री म्हणाले. एकही नव्हतं. बाकाचं बसायचं फळकूट काळा रंग चढवलेलं साधं लाकूड, आणि नक्षीचं डोकं तर आलंच नव्हतं. कपाटाच्या पितळी कड्यांच्या जागी बाजारातल्या नव्या कड्या.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, लाकूड किडकं निघालं, जळणाला टाकलं. हे उत्तर सगळ्यांनी नीट ऐकून ठेवा, कारण त्यात थोडं खरं मिसळलेलं असतं. सागवानाचा बाहेरचा पांढरा भाग किडतो. पण आतल्या नाराच्या, म्हणजे गाभ्याच्या लाकडात तेल असतं, त्याला कीड सहसा शिवत नाही. अख्खं कपाट किडतं कसं? आणि किडलेलं होतं तर फोन करून दाखवलं का नाही? जुनं, पुरतं वाळलेलं सागवान पीळ धरत नाही, म्हणून त्याला घनफुटावर चांगला भाव येतो. मजुरी हा नुसता बहाणा, खरी कमाई लाकडाच्या अदलाबदलीत.

त्या मिस्त्रींनी सांगितलं ते तसंच देते. जुनं सामान घरीच, डोळ्यांसमोर सुटं करून घ्यावं. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला पटाशीनं स्वतःची खूण कोरावी आणि मापाची टेप लावून फोटो काढावेत. चिठ्ठीवर लाकडाची जात, फळ्या, मापं, कड्या-बिजागऱ्या लिहून घ्याव्यात, उरलेले तुकडे परत मिळतील हेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॉलिश चढायच्या आधी कोरं सामान बघितल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही. पॉलिशखाली काहीही झाकतं. “आत्ता नको” म्हणणाऱ्याकडून त्याच दिवशी लाकूड उचलून आणावं.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस पाठवली. मजुरीतला काही भाग त्यानं परत केला, लाकडाबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पुरावा म्हणून टेम्पोत सामान चढवताना भाच्यानं काढलेले फोटो जोडलेत, त्यात पलंगाचं डोकं स्पष्ट दिसतंय. मिस्त्रींनीही जे बघितलं ते लिहून सही करून दिलंय. ते डोकं परत मिळावं, ही आमची अर्जातली पहिली मागणी आहे.