हिवाळी स्पितीसाठी हीटेड ग्लोव्हज: कोणते घ्यावेत?

निफाडकडची डिसेंबरची पहाट असो की महाबळेश्वरचा घाट, तिथल्या गारठ्यासाठी हीटेड ग्लोव्हज, म्हणजे आतल्या तारेने तापणारे हातमोजे, घेणं म्हणजे पैशांची नासाडी. तासाभरात ऊन वर येतं आणि साधं लायनरसुद्धा (आतला पातळ मोजा) काढून ठेवावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत सिमला, रेकाँग पिओ, काझा असा मोटारसायकलने जायचा बेत असेल तर मात्र हिशेब बदलतो. कुंझुमची खिंड बंद असते, म्हणजे किन्नौरमार्गे जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. पिओ ते काझा सुमारे 200 किलोमीटर, पण बर्फात हा पल्ला अख्खा दिवस खातो. हवा उणे 10 आणि गाडी ताशी 40 वर असेल तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला उणे 21 इतकं झोंबतं. बोटं बधिर झाली की लिव्हर किती दाबला गेलाय तेच कळत नाही, आणि बर्फाच्या पापुद्र्यावर पुढचा ब्रेक जरासा जास्त लागला की गाडी आडवी.

बाजारात तीन जाती आहेत. 12 व्होल्टचे, म्हणजे गाडीच्या बॅटरीला वायरने जोडायचे. 7.4 व्होल्टचे, ज्यांच्या कफमध्ये लिथियम बॅटरी बसते. आणि 5 व्होल्टचे, यूएसबीवर चालणारे. तिसऱ्या जातीबद्दल फार बोलायला नको. 5 व्होल्ट, 2 अँपियर म्हणजे दोन्ही हातांना मिळून 10 वॉट. शहरात स्कूटरवर ठीक, काझाच्या रस्त्यावर नुसतं मनाचं समाधान.

खरी निवड पहिल्या दोनांत आहे, आणि ती करताना जाहिरातीतले तास आणि एमएएच (मिलिअँपियर-अवर) बाजूला ठेवून वॉट मोजावेत. 3.7 व्होल्टची 4000 एमएएच बॅटरी ऐकायला दणदणीत वाटते, पण तिच्यात ऊर्जा 14.8 वॉट-अवर. 7.4 व्होल्टची 2200 एमएएच आकड्याने निम्मी दिसते, भरते मात्र 16.3 वॉट-अवर. व्होल्ट गुणिले अँपियर-अवर, एवढं गणित दुकानात उभ्या उभ्या होतं. आता एका ग्लोव्हला फुल सेटिंगवर 8 वॉट लागत असतील तर ही 16 वॉट-अवरची बॅटरी दोन तास पुरणार. मग खोक्यावर ‘8 तास’ कुठून आले? सर्वांत खालच्या, सुमारे 2 वॉटच्या सेटिंगवरून. तेवढ्या उष्णतेचा उणे 10 मध्ये चालत्या गाडीवर उपयोग शून्यच. त्यातून थंडीत लिथियम सेल पूर्ण क्षमतेने चालत नाही, म्हणून दोनाचे दीड तास धरलेले बरे. आठ तासांच्या दिवसाला फुलवर चालवायचं तर पाच-सहा जोड्या बॅटऱ्या लागतील. मधल्या सेटिंगवर दोन-तीन जोड्यांत भागेल.

12 व्होल्टच्या जोडीला साधारण 25 ते 30 वॉट लागतात, म्हणजे दोन-सव्वादोन अँपियर. इंजिन चालू आहे तोवर उष्णता संपत नाही. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याने बेलाशक हेच घ्यावेत. दिल्ली-चंडीगडला विमानाने उतरून भाड्याची गाडी घेणाऱ्याचं तसं नाही. भाड्याच्या गाडीचं वायरिंग छेडायला मालक सहसा देत नाही, तेव्हा त्याला 7.4 व्होल्टच बरे. दोन्हीवर चालणारे ग्लोव्हजही मिळतात. ते घेताना 12 व्होल्टची वायर कंपनीचीच आहे ना, हे पाहावं. साध्या 7.4 व्होल्टच्या ग्लोव्हला ‘पिन तर बसते’ म्हणून थेट गाडीची लाइन कधीही देऊ नये. चालू गाडीत 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि तेवढ्यावर त्याच तारेत साडेतीन पट वॉट जातात. तार जळते, नाहीतर हात भाजतो.

जोडणी हा ज्या त्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून हमखास बिघडणारा भाग. बऱ्याच जणांना वायर थेट बॅटरीला जोडून मोकळं व्हायचं असतं. चहाला थांबलात, ग्लोव्हज चालूच राहिले, तर 8 अँपियर-अवरची बॅटरी दीड-दोन तासांत इतकी उतरते की त्या थंडीत सेल्फ उचलत नाही. म्हणून रिले, म्हणजे चावीबरोबर लाइन चालू-बंद करणारा स्विच, लावून घ्यावा. 30 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, 87 वरून ग्लोव्हजची लाइन, 85 ला अर्थ आणि 86 ला टेल लॅम्पची प्लस वायर, ती चावीबरोबर चालू-बंद होणारी असली तरच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लस वायरवर. नुसत्या ग्लोव्हजना 5 अँपियरचा पुरतो, 15 चा घालणं म्हणजे फ्यूज नसल्यातच जमा. वायर 1 चौरस मिलिमीटरची, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, हे इलेक्ट्रिशियनसमोरच बघावं. ग्लोव्हजपर्यंत जाणारी इंग्रजी वाय अक्षरासारखी लीड जॅकेटच्या आतून दोन्ही बाह्यांत ओवायची असते. बाहेरून लोंबती ठेवली की पहिल्याच थांब्याला ती आरशात नाहीतर लिव्हरमध्ये अडकते.

गाडी हा भार सोसेल का? एकट्या ग्लोव्हजचे 30 वॉट बहुतेक गाड्यांना जड नाहीत. त्यात 70 ते 90 वॉटचं हीटेड जॅकेट आणि जास्तीचे फॉग लाइट जोडले की अडचण सुरू होते. स्पितीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर रांगते आणि तेव्हाच चार्जिंग सर्वांत कमी असतं. हँडलवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावून घ्यावा. चालत्या गाडीत आकडा सतत 13 च्या खाली दिसला तर आधी फॉग लाइट बंद करा, मग जॅकेटची हीटिंग, ग्लोव्हज सर्वांत शेवटी.

तार कुठून फिरवली आहे यावर निम्मी पसंती ठरते. स्वस्त ग्लोव्हजमध्ये पंजाच्या पाठीवर एक चौकोनी पॅड असतो, हात उबदार वाटतो आणि करंगळी गोठून जाते. तार प्रत्येक बोटाच्या बाजूने टोकापर्यंत जाऊन परत आलेली हवी, अंगठ्यातसुद्धा. दुकानात तपासायला पाच मिनिटं लागतात: चालू करून फुलवर ठेवा, हात घाला, आणि एकेका बोटाचं टोक आतून चाचपा. एखादं थंड लागलं तर जोडी परत.

माप घट्ट नको. आवळलेल्या ग्लोव्हमध्ये रक्त पोचत नाही आणि कितीही वॉट ओतले तरी बोटं थंडच राहतात. फार सैल असेल तर तार कातडीपासून दूर राहून मधली हवा तापवत बसते. आत पातळ लायनर घालून, मूठ वळवून लिव्हर धरल्यावर बोटाच्या टोकापुढे अर्धा सेंटिमीटर जागा उरली की माप बरोबर. बॅटरीवाल्यांचा कफ फुगीर असतो, जॅकेटची बाही त्यावर चढत नाही. मग ग्लोव्ह बाहीवरून घालावा लागतो आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी बाहीवरून थेट आत उतरतं. कफच्या तोंडाला आवळायची दोरी असेल तरच असा ग्लोव्ह घ्यावा. आपलं जॅकेट बरोबर नेल्याशिवाय खरेदी करूच नये.

ऑनलाइन ‘बायकर’ म्हणून विकले जाणारे कितीतरी हीटेड ग्लोव्हज मुळात स्कीइंगचे असतात. पडल्यावर तळव्याची चिंधी होते. आतल्या लेबलवर ईएन 13594 हा मोटारसायकल ग्लोव्हजच्या युरोपीय मानकाचा आकडा आणि मोटारसायकलस्वाराचं चित्र शोधा. शेजारी 1 किंवा 2 ही पातळी असते, आणि केपी अक्षरं असतील तर बोटांच्या सांध्यांवरचं कवचही चाचणीतून गेलेलं असतं. कीस, गर्बिंग, मॅक्ना, फाइव्ह ही या धंद्यातली जुनी नावं आहेत, तरी लेबल त्यांच्याही ग्लोव्हवर बघावंच.

हीटेड ग्रिप स्वस्त पडतात, हे खरं. पण त्या तळवा तापवतात आणि वारा लागतो पंजाच्या पाठीला. त्यावर हँडलचे जाड मफ (हँडलसकट हात झाकणारी आवरणं) चढवले तर जोडी चांगली जमते, आणि वायरचा जंजाळही अंगावर राहत नाही. ज्याला दर थांब्याला प्लग काढायचा कंटाळा आहे त्याने हाच मार्ग धरावा.

चालू करायची वेळही महत्त्वाची. बोटं गार पडल्यावर बटण दाबलं तर ऊब परत यायला फार वेळ जातो, त्यामुळे निघतानाच फुल आणि दहा मिनिटांनी मध्यम. छाती-पोट गार पडलं की शरीर हातांकडचं रक्त आखडून घेतं, तेव्हा पैसे ग्लोव्हजवर उधळण्याआधी अंगातले थर नीट करा. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी फुल सेटिंग टाळावी. भाजतंय हे त्यांना उशिरा कळतं.

बिघाड बहुतेक दोन ठिकाणी होतात: कफजवळ तार वाकते तिथे आणि प्लगच्या मुळाशी. घामट हाताने ग्लोव्ह ओढला की आतलं अस्तर उलटं बाहेर येतं, त्याबरोबर तारही ताणते. एकेक बोट थोडं थोडं सोडवून मगच काढावा. ओला झाला तर पिळू नये, बुखारीवर (खोली तापवणाऱ्या शेगडीवर) टांगू नये. बॅटऱ्या शून्याखालच्या खोलीत चार्ज केल्या तर सेल कायमचे खराब होतात, तेव्हा चार्जर बुखारी पेटलेल्या खोलीत लावा, तोही तिच्यापासून दूर. विमानात या बॅटऱ्या हँडबॅगेतच घ्याव्या लागतात, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. मोसम संपल्यावर त्या निम्म्या चार्जवर ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी बघाव्यात, नाहीतर पुढच्या डिसेंबरला चार्जरचा दिवाच लागत नाही.