टस्कीगी आणि फिस्क: दोन वाटा

गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी ज्या शिक्षणसंस्था निघाल्या, त्यांत दोन वाटा ठळक दिसतात. अलाबामातल्या टस्कीगीत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये हातांना हुन्नर देणारं शिक्षण सुरू केलं. इमारतींसाठी विटासुद्धा विद्यार्थीच पाडत. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, पैसे संपले. वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ गहाण टाकलं, तेव्हा कुठे चौथी जमली.

टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये १८६६ साली निघालेल्या फिस्क विद्यापीठाने भर दिला तो लॅटिन, ग्रीक, गणितावर. चणचण तिथेही होतीच. १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी गायक गावोगाव निघाले, गुलामीतली भक्तिगीतं गायले आणि त्या कमाईतून ज्युबिली हॉल उभा राहिला.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस फिस्कचेच, १८८८ चे पदवीधर. (१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं ते यांनाच.) वॉशिंग्टन यांचा मार्ग गोऱ्यांपुढे नमतं घेतो, ही डु बॉइस यांची टीका मला पटते. पण विटा पाडणाऱ्या त्या मुलांना कमी लेखायला मन धजत नाही. शिवाय टस्कीगीच्या अनेक इमारतींचे आराखडे काढणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटी या अमेरिकेतल्या नामवंत तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होते.