हेडलाइट घरीच बदलले, एक पावसाळा काढला: वापरानंतरचा अनुभव

गाडी 2013 सालची हॅचबॅक, हेडलाइटला एच-4 जातीचे हॅलोजन बल्ब, घर देवगडला समुद्राच्या वाऱ्यावर. कामासाठी आठवड्यातून तीनदा कणकवली, आणि परतताना हमखास काळोख. नांदगाव तिठ्याला हायवे सोडला की पुढे बराच रस्ता आपल्या गाडीचा असेल तेवढाच उजेड. पावसाळ्यात गुरं रानातला चिखल सोडून डांबरावर येऊन बसतात. गेल्या वर्षी श्रावणात शिरगावच्या अलीकडे रस्त्यात बसलेली म्हैस मला जवळजवळ बोनेटला टेकेपर्यंत दिसली नाही. दोघी वाचलो. त्याच रात्री ठरवलं, लाइट वाढवायचे.

पहिली चूक आधी सांगून टाकते. गणपतीच्या तोंडावर ऑनलाइन एलईडी बल्बांची जोडी मागवली. खोक्यावर ल्युमेनचे, म्हणजे उजेडाचे, आकडे असे, की देवगडच्या दीपगृहाने लाजून तोंड लपवावं. 6000 केल्विन, पांढराशुभ्र प्रकाश. बसवायला वीस मिनिटं लागली, फक्त बल्बच्या मागे छोटा पंखा असल्यामुळे हेडलाइटची मागची रबरी टोपी बसेना. माहितीपत्रकात लिहिलं होतं, टोपीला भोक पाडा. मी पाडलं. लाइट लावल्याबरोबर समोरच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्याच्या कुंपणभिंतीवर, दिवस उजाडला आणि मी खूश.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका कुंपणाशी येऊन उभे. "काय गो, गाडयेक सूर्य बसयलंस? माका गडगोच दिसलो नाय!" मी हसण्यावारी नेलं. पण मग समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पर मारायला लागली. एका एसटीच्या ड्रायव्हरने तर गाडी थांबवून, काच खाली करून नुसतं हात जोडले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कारण नंतर बल्ब हातात धरून बघितल्यावर कळलं. एच-4मध्ये दोन तारा असतात, अप्परची 60 वॉटची आणि डिपरची 55ची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत आरशाचा, वरचा अर्धा भागच वापरला जातो आणि रस्त्यावर उजेडाची सरळ कापलेली कड पडते. रिफ्लेक्टरचा सगळा बाक त्या तारेच्या जागेवरून ठरवलेला. तिथे दोन्ही अंगांना एलईडीची चिप असलेली पट्टी आली, मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली, की ती कड विस्कटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपल्याला मात्र गाडीपुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा लख्ख दिसतो, त्याने आपलेच डोळे दिपतात आणि लांबची म्हैस पूर्वीपेक्षाही अंधारात जाते. पावसात तर समोर पांढरा पडदाच. पाचव्या आठवड्यात त्या कापलेल्या टोपीतून दमट हवा शिरून काचेच्या आतून थेंब ओघळायला लागले. एलईडी काढले. 1,400 रुपये गेले, वर दोन नव्या टोप्यांचे वेगळे. प्रोजेक्टरवाल्या (पुढे भिंग असलेल्या) किंवा मुळातच एलईडीसाठी बनवलेल्या हेडलाइटची गोष्ट निराळी, मी फक्त साध्या रिफ्लेक्टरबद्दल बोलतेय.

मग ओळखीच्या वायरमनने एक शहाणपणाचा प्रश्न विचारला, "ताई, होल्डरला व्होल्ट किती येतात ते बघितलंत?" मल्टीमीटर त्यानेच दिला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9, लाइट लावून बल्बच्या पिनांवर 12.1. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच संपत होते! दोन्ही बल्बांचा सगळा करंट, म्हणजे नऊएक अँपिअर, स्टिअरिंगच्या दांडीवरच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून फिरून येतो. त्यात आमची खारी हवा. अर्थचा, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, स्क्रू काढला तर खाली पितळी भांड्यात कढी कळकावी तसा हिरवा थर. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. म्हणजे बल्ब बिचारा ठीकच होता, त्याला पोटभर मिळत नव्हतं.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी रिले किट बसवलं. रिले म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट बल्बपर्यंत, चिनी मातीचे होल्डर, आणि जुन्या होल्डरचं काम एवढंच की रिलेला "चालू हो" म्हणून सांगायचं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. अर्थच्या जागचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, घट्ट आवळून वरून व्हॅसलिन चोपडलं. बल्ब चांगल्या कंपनीचे, पण 60/55 वॉटचेच. 100/90चे दुकानदार आग्रहाने देत होता. नको म्हटलं. उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकी उडालेली मी भावाच्या जीपमध्ये पाहिलीय. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. डाव्या बाजूला बॅटरी आडवी येते, तिथे बल्ब धरणारी तारेची क्लिप उडून खाली पडली. ती शोधण्यात अर्धा तास आणि चहा, दोन्ही गेले.

आता होल्डरला 13.5 येतात. खरं सांगायचं तर पहिल्या रात्री डोळ्यांना मोठा धक्का वगैरे बसला नाही. फरक जाणवला तो पुढच्या आठवड्यात, हेडलाइटची पिवळी पडलेली बाहेरची काच घासल्यावर. काच म्हणायचं, असतं प्लॅस्टिक. 1000, 2000, 3000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून क्रमाने, मग पॉलिशचं कंपाउंड, मग उन्हापासून वाचवणारं यूव्ही कोटिंग. कोटिंगचा कंटाळा करू नका. आधी एकदा टूथपेस्टने घासून बघितलं होतं, ते पंधरा दिवस टिकलं. कोटिंगवाली काच अजून साफ आहे.

शेवटचं काम फुकटातलं. रात्री गाडी गडग्यासमोर सपाट जागी 8 मीटरवर उभी केली, बल्बच्या मध्याची उंची खडूने चिऱ्यावर मारली आणि डिपरची कड त्या खुणेखाली 8-10 सेंटिमीटर येईल असे स्क्रू फिरवले. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989मध्येही 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिपवणारा लाइट नको असंच आहे. उजवा दिवा चक्क आभाळात बघत होता. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर जातं, तेव्हा डॅशबोर्डवरचं, हेडलाइटचा झोत खाली करणारं लेव्हलचं बटण 2वर. हे बटण इतकी वर्षं कशासाठी आहे ते मला माहीतच नव्हतं.

यंदाचा पाऊस पूर्ण काढला. मुसळधार पावसात अजूनही कमीच दिसतं. ओला रस्ता आरशासारखा प्रकाश पुढेच ढकलून देतो, आपल्याकडे परत येतच नाही. त्यावर बल्ब काही करू शकत नाही. पण हॅलोजनच्या पिवळसर उजेडात पडदा होत नाही, कडेची पांढरी पट्टी सापडते. ऑगस्टमध्ये फोंडा घाटात धुकं इतकं दाट होतं की अप्पर लावल्यावर आपलाच उजेड अंगावर आला. डिपरवर, दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढले. पुढे धुक्यातून बाहेर पडल्यावर दाजीपूरच्या बाजूला दोन गवे रस्त्याकडेला उभे होते, ते बऱ्याच लांबून दिसले. काकांची तक्रार नाही, एसटीवालेही हात जोडत नाहीत.

किट, बल्ब, कोटिंग धरून 2,600 रुपये झाले. तोटा एकच: पूर्ण व्होल्टेज मिळालं की हॅलोजनचं आयुष्य घटतं. पाच टक्के वाढलं तरी ते निम्म्यावर येतं. जुलैत उजवा बल्ब तळेबाजारला गेलाच. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली, मोबाइल दातांत धरून, दहा मिनिटांत बदलला. आता कप्प्यात कायम दोन जास्तीचे असतात, एका जुन्या सुती मोज्यात गुंडाळून. अर्थच्या स्क्रूवरचं व्हॅसलिन पावसाने धुऊन गेलंय, दिवाळीच्या आधी परत लावायचं आहे.