कालव्याच्या लॉकची लाकडी प्रतिकृती: जरूर घ्यावी, पण माहितीपत्रकातील चित्रावर विसंबू नये

गेल्या महिन्यात रावपुऱ्यातील एका दुकानातून कालव्याच्या लॉकची लाकडी प्रतिकृती १,४५० रुपयांना आणली आणि नातीबरोबर दोन संध्याकाळी बसून ती जोडली. लॉक म्हणजे कालव्यात होडीला एका पाणीपातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा, दोन दारांमधील हौद. वस्तू मनापासून आवडली. मात्र माहितीपत्रकातील एक चूक न सुधारल्यास लॉक चालतच नाही.

चित्रात दोन्ही कवाडे मिटल्यावर होणाऱ्या कोनाचे टोक खालच्या पाण्याकडे दाखवले आहे. तसे बसवून हौदात हळद कालवलेले पाणी ओतताच कवाडे फटकन उघडली आणि पाणी परातीत वाहून गेले. हे टोक वरच्या पाण्याकडेच हवे, म्हणजे पाणी जितके रेटेल तितक्या कवाडांच्या कडा एकमेकींवर घट्ट बसतात आणि कडीकोयंडा लागतच नाही. कवाडे फिरवून बसवली, तेव्हा मधल्या सांध्यातून पिवळे पाणी जेमतेम थेंबथेंब झिरपले. खालची झडप उचलली, हौदातील पाणी उतरून बाहेरच्या पातळीला आले आणि मघाशी हलत नसलेली कवाडे नातीने करंगळीने उघडून कागदी होडी पुढे सोडली.

लॉकचा शोध लिओनार्दो दा विंची यांनी लावला, हे पत्रकातील विधानही बरोबर नाही. त्यांच्या नावाशी जोडली जातात ती कोनात मिटणारी कवाडे. दोन दारांमधील हौद मात्र त्याच्या कितीतरी आधी, ९८४ साली, चीनमध्ये च्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने ग्रँड कॅनॉल या कालव्यावर बांधवला, कारण करापोटी घेतलेल्या धान्याच्या नावा उतारावरून ओढून नेताना फुटत आणि त्या गडबडीत धान्य चोरीस जाई.

प्रतिकृतीच्या प्लायच्या भिंती भिजल्यावर बाहेर फुगतात. खऱ्या लॉकमध्ये भीती उलट असते: हौद रिकामा झाला की मागची माती भिंत आत ढकलते. फ्रान्समधील १६८१ साली पूर्ण झालेल्या कनाल द्यू मिदी या कालव्यावर एक सरळ भिंतींचे लॉक असेच कोसळले, तेव्हा तो कालवा बांधणाऱ्या पिएर-पॉल रिके यांनी हौद लंबगोल बांधण्यास सुरुवात केली, म्हणजे आडव्या कमानीप्रमाणे भिंत तो रेटा पेलू शकेल. असा लंबगोल हौदही संचात मिळाला, तर मी अधिक पैसे आनंदाने देईन.

जोडण्यापूर्वी प्लायला आतून वॉर्निशचे दोन हात द्यावेत. दुकानदारांना चित्रातील चूक दाखवली आहे आणि त्यांनी ती टिपूनही घेतली आहे.