एफडी, पॉलिसी, फंड का प्लॉट? आधी सगळे आकडे एका मापात आणा

आमचे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून रिटायर झाले. हातात पैसे येणार म्हटल्यावर घरी चार जण चार आकडे घेऊन आले. एफडीचं 8.30 टक्के यील्ड, पॉलिसीत 60 टक्के फायदा, म्युच्युअल फंडाचा वर वर जाणारा ग्राफ आणि जुळे सोलापुरातला प्लॉट, 20 वर्षांत आठपट. मामा लगेच म्हणाले, मग प्लॉटच घेऊ की. पण हे चार आकडे चार वेगवेगळ्या मापांतले आहेत, मीटर आणि किलो शेजारी ठेवून मोठं कुठलं ते कसं सांगणार?

एफडी बघा. व्याजदर 7 टक्के, तिमाही चक्रवाढ, 5 वर्षं. एक लाखाचे साधारण 1,41,478 होतात. आता 41,478 ला सरळ 5 ने भागलं की 8.30 टक्के येतात, तेच यील्ड म्हणून सांगतात. खरा वार्षिक दर जेमतेम 7.19 आहे, आणि त्यावर टॅक्स वेगळा.

पॉलिसी मामांच्या मुलाच्या नावाने. वर्षाला 50 हजार, 15 वर्षं, म्हणजे साडेसात लाख भरायचे आणि शेवटी 12 लाख मिळणार. 60 टक्के ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्येक हप्ता किती वर्षं अडकला ते धरून एक्सआयआरआर (पैसे कुठल्या तारखेला गेले-आले ते धरून काढलेला वार्षिक दर) काढला तर वर्षाला 5.7 च्या आसपासच येतो. अटी पाळल्या तर ही रक्कम टॅक्स-फ्री असते आणि विमाही मिळतो, हे मान्य, पण मग तो विमा म्हणून घ्या ना, 60 टक्क्यांसाठी नको.

प्लॉटचं समजा 5 लाखाचे खरंच 40 लाख झाले. 20 वर्षांत आठपट म्हणजे वर्षाला 11 टक्के. वाईट नाही, पण त्यात स्टॅम्प ड्युटी, कंपाउंड, दलाली काहीच धरलेलं नाही, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतचे महिनेही नाहीत.

फंडात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण तिथे सुरुवातीची तारीख निवडता येते. निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, 14 जानेवारी 2020 ला, आपल्याकडे सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा, 12,362 वर बंद झाला आणि 23 मार्चला 7,610 वर. 31 मार्च 2021 ला तो 14,690 होता. मार्चपासून मोजलं तर 93 टक्के, जानेवारीपासून मोजलं तर 19 सुद्धा नाही! बाजार तोच, फक्त तारीख बदलली. "सरासरी रिटर्न" शब्द आला तरी सावध राहा. एका वर्षी 50 टक्के वर, पुढच्या वर्षी 40 टक्के खाली, सरासरी 5 टक्के नफा दिसतो पण लाखाचे 90 हजार झालेले असतात. आणि फंडाची तुलना नुसत्या निफ्टीशी नाही, डिव्हिडंड धरून मोजलेल्या निफ्टीशी, म्हणजे टीआरआयशी करा, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने फेब्रुवारी 2018 पासून तेच बंधनकारक केलंय.

कधी उलटंही होतं बरं का. फंडात महिन्याला 10 हजारांची एसआयपी (दरमहा ठरावीक हप्ता) वर्षभर केली, 1,20,000 चे 1,26,000 झाले, ॲपवर 5 टक्के दिसतात म्हणून लोक ती बंद करतात. पण शेवटचा हप्ता तर एकच महिना आत होता, एक्सआयआरआर 9.4 च्या जवळ येतो.

म्हणून मामांना एक्सेलमध्ये दोनच कॉलम करून दिले, तारीख आणि रक्कम, दिलेले पैसे उणे आणि मिळालेले अधिक, खाली एक्सआयआरआर. चारही पर्याय त्याच शीटमध्ये टाकले.

माझं मत विचाराल तर मामांना दर महिन्याचा घरखर्च बघायचाय, म्हणून प्लॉट आणि पॉलिसी दोन्ही बाद. फंडात सात-आठ वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे ठेवायचे. बाकीसाठी बँकेच्या एफडीआधी पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम बघा. तिचा दर एप्रिल 2023 मध्ये 8.2 टक्के झाला होता, व्याज दर तिमाहीला हातात. मामांना 8.30 च्या पुढे 8.2 कमी वाटला, पण त्या 8.30 च्या आत 7 चाच दर आहे ना. सोमवारी हेड पोस्टात जाऊन आजचा दर विचारणार आहोत.