बायस समजून घ्यायचाय? ‘फ्लोट एक्स्पोज्ड’ उघडा, कागद-पेन जवळ ठेवा

फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे संगणकात अपूर्णांक साठवायची पद्धत, शिकताना गाडी हमखास अडते ती घातांकापाशी. धन-ऋण सांगणारा साइन बिट कळतो, संख्येचे अंक ठेवणारा मँटिसाही कळतो. मग घातांक २ असताना त्याच्या ८ बिटांत १२९ का लिहिलंय? साठवताना घातांकात मिळवलेली ही ठरावीक भर म्हणजेच बायस. फ्लोट डॉट एक्स्पोज्ड ही ब्राउझरमधली साइट या एकाच प्रश्नासाठीसुद्धा उघडण्यासारखी आहे. हाफ, बीफ्लोट (दोन्ही १६ बिटांचे), फ्लोट (३२) आणि डबल (६४) हे प्रकार तिथे आहेत. कुठलाही बिट क्लिक करून उलटवता येतो आणि त्याच बिटांपासून किंमत कशी निघते ते खाली मांडलेलं असतं.

सुरुवात फ्लोटमध्ये ६.५ टाकून करा. बायनरीत ते ११०.१, म्हणजे १.१०१ गुणिले २ चा वर्ग. खरा घातांक २, त्यात बायस १२७ मिळवला की १२९, म्हणून घातांकाचे बिट १००००००१. मँटिसात १०१ आणि पुढे वीस शून्यं. बिंदूआधीचा १ साठवतच नाहीत. साइटवर घातांक ‘१२९ − १२७’ असा वजाबाकीसकट दिसतो, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. नुसता २ छापला असता तर कोडं तिथेच राहिलं असतं.

पण या साइटचा खरा कस लागतो तो कच्च्या पूर्णांकाच्या रकान्यात. बरेच जण तिकडे बघतही नाहीत. तेच ३२ बिट साधा पूर्णांक म्हणून वाचले तर किती, ते तिथे दिसतं. ०.५ टाका: १०५६९६४६०८. १ टाका: १०६५३५३२१६. २ टाका: १०७३७४१८२४. दर वेळी फरक ८३८८६०८, म्हणजे २ चा २३ वा घात, कारण घातांकाचं घर २३ मँटिसा बिटांच्या डावीकडे आहे. किंमत वाढली की पूर्णांकही वाढतो. बायस ठेवण्याचं मुख्य कारण हेच: दोन धन संख्या पूर्णांकांसारख्या थेट ताडून पाहता येतात. घातांक टू’ज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण पूर्णांक लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत) ठेवला असता तर ०.५ चा घातांक −१ म्हणजे ११११११११ झाला असता, १ चा ००००००००, आणि बिट पाहता ०.५ मोठा ठरला असता.

आता ०.९९९९९९९४ टाकून बघा. घातांक १२६, मँटिसाचे तेवीसही बिट १, पूर्णांक १०६५३५३२१५. त्यात एक मिळवला की हातचा मँटिसा ओलांडून घातांकात जातो, १२६ चे १२७ होतात, मँटिसा कोरा होतो आणि मिळतो नेमका १. इतकी सुबक रचना पुस्तकातल्या चौकटीत दिसत नाही, इथे बिटांवर दिसते.

१२८ ऐवजी १२७ च का, हे मात्र आकड्यांवरून उमगत नाही. १२७ घेतल्यावर नॉर्मल, म्हणजे बिंदूआधी १ असलेल्या नेहमीच्या संख्यांचे घातांक −१२६ ते १२७ असे पडतात. त्यामुळे सगळ्यात लहान नॉर्मल संख्येचा व्यस्त २ चा १२६ वा घात येतो आणि तो सहज मावतो. बायस १२८ असता तर घातांक −१२७ ते १२६ पडले असते आणि तोच व्यस्त मावला नसता, ओव्हरफ्लो झाला असता.

टोकांना सगळ्यात जास्त चुका होतात. घातांकाचं घर २५५ असेल तर ती नॉर्मल संख्या नव्हेच: मँटिसा शून्य असेल तर अनंत, नसेल तर नॅन (‘संख्या नव्हे’ अशी खूण). घर शून्य असेल तर ‘० − १२७ = −१२७’ असं करू नका. अशा संख्येचा, म्हणजे सबनॉर्मलचा, घातांक −१२६ च धरायचा आणि बिंदूआधी १ ऐवजी ० घ्यायचा. म्हणून सगळ्यात लहान सबनॉर्मल आणि सगळ्यात लहान नॉर्मल यांच्यामध्ये कुठे खड्डा पडत नाही; पायरी सगळीकडे २ च्या −१४९ व्या घाताएवढीच राहते.

उणीव म्हणाल तर एका वेळी एकच संख्या दिसते. तुलना करायची तर पहिला पूर्णांक कागदावर उतरवूनच दुसरी संख्या टाकावी लागते. ऋण संख्यांसाठी हे करून पाहाच: −१ चा पूर्णांक ३२१२८३६८६४, −२ चा ३२२१२२५४७२. लहान संख्येचा पूर्णांक मोठा, म्हणजे क्रम उलटा. साइन बिट वेगळा ठेवून बाकी बिटांत नुसतं परिमाण लिहिलेलं असतं, बायस त्याला हात लावत नाही. फ्लोट सॉर्ट करायला पूर्णांक-तुलना वापरणाऱ्यांचा कोड इथेच फसतो.

प्रकार बदलला की बायसही बदलतो, हे विसरू नका. घातांकाचे बिट क असतील तर बायस २ चा (क − १) वा घात, वजा १. हाफमध्ये ५ बिट, बायस १५. डबलमध्ये ११ बिट, बायस १०२३. बीफ्लोटमध्ये घातांक ८ च बिटांचा, म्हणून बायस फ्लोटसारखाच १२७. डबलमधल्या १ चं घातांकाचं घर १०२३ असतं. त्यातून सवयीने १२७ वजा केले तर ८९६ येतात. असं काही भलतं उत्तर दिसलं की आधी वर कुठला प्रकार निवडलाय ते बघा.