सिसिलीतील ज्वालामुखी-सहल: वाटाडे पहिल्या प्रतीचे, वेळापत्रक घाईचे

मे महिन्यात आम्ही अकरा जण, बहुतेक भूशास्त्राचे अध्यापक आणि संशोधक, एट्ना, व्हल्कानो व स्ट्रॉम्बोली या तीन ज्वालामुखींच्या सहा दिवसांच्या अभ्याससहलीस गेलो होतो. सर्व व्यवस्था तेथील एका वाटाड्यांच्या संस्थेकडे सोपवली होती. पुढे तक्रारीही असल्याने तिचे नाव देत नाही.

पहिली तक्रार एट्नाचीच. एट्नाच्या दक्षिण उतारावरील रिफुजिओ सापिएन्झा या थांब्याजवळ १८९२च्या उद्रेकातून तयार झालेली सिल्वेस्त्री विवरे आहेत आणि सह्याद्रीचा बेसाल्ट पाहत वाढलेल्या माणसाला तेथे दिवस पुरणार नाही. पुण्याच्या आसपास दगड फोडला की त्यातील वायूच्या पोकळ्या बहुधा झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या आढळतात. येथे त्याच पोकळ्या रिकाम्या आणि त्यांच्या कडा इतक्या धारदार की माझा हातमोजा पहिल्याच तासात फाटला. आपल्याकडे जे साडेसहा कोटी वर्षांहून जुने झाले आहे, त्याचे हे कोरे रूप आम्ही भिंगातून पाहत होतो, तोच चाळीस मिनिटे झाल्याचे सांगून आम्हाला उठवण्यात आले आणि नंतरचा संपूर्ण तास मध व पिस्त्याच्या दुकानात गेला. संस्थेला आम्ही अभ्यासक असल्याचे आधीच कळवले होते, म्हणून हे अधिक खटकले.

व्हल्कानोवर मात्र वाटाड्यांविषयी आदर वाटला. विषारी वायूंसाठी वायुमापक हातात घेऊन पुढे चालणाऱ्या वाटाड्याने वारा फिरताच सर्वांना मागे वळवले. नमुन्यांच्या बाटल्या तयार ठेवलेल्या दोघांनी बरीच हुज्जत घातली, पण तो बधला नाही. २०२१मध्ये याच बेटावर वायूंचे प्रमाण वाढल्याने विवराची वाट बंद करावी लागली होती, हे त्या दोघांनाही ठाऊक होतेच.

या सहलीचा खरा मोबदला स्ट्रॉम्बोलीवर वसूल होतो. डोंगर ९२४ मीटर उंच असला, तरी २०१९च्या जुलै व ऑगस्टमधील मोठ्या स्फोटांनंतर, ज्यांपैकी पहिल्यात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला, माथ्याची वाट बंद झाली. आम्हाला वाटाड्यासह ४०० मीटरपर्यंतच जाता आले. सूर्यास्तानंतर त्या कड्यावर बसले की डावीकडे विवरे आणि समोर थेट समुद्रात उतरणारा स्यारा देल फ्वोकोचा काळा उतार दिसतो. आधी लाल कारंजे उसळते, आवाज दोन-तीन सेकंदांनी पोहोचतो आणि त्यानंतर उतारावरून गडगडत जाणाऱ्या तापल्या दगडांची खडखड बराच वेळ ऐकू येत राहते. वर्गात ‘स्ट्रॉम्बोलीय उद्रेक’, म्हणजे थोड्याथोड्या वेळाने होणारे छोटे स्फोट, हा शब्द वर्षानुवर्षे शिकवूनही ती खडखड कधी मनात आली नव्हती. वाटाड्याचे मौनही येथे दाद देण्याजोगे होते. प्रश्न विचारल्यावर तो नेमके उत्तर देई, एरवी गप्प बसे. ३० डिसेंबर २००२ रोजी याच उताराचा भाग कोसळून त्सुनामी कशी आली आणि पाणी गावात कुठवर चढले, हे त्याने परतीच्या वाटेवर हात दाखवून सांगितले.

आता शिरस्त्राणांविषयी. भाड्याने मिळालेल्या अकरा हेल्मेटांपैकी तिघांचे पट्टे चिकटपट्टीने जोडलेले होते. कोलंबियातील गालेरास ज्वालामुखीवर १४ जानेवारी १९९३ रोजी परिषदेसाठी जमलेल्या तुकडीतील सहा शास्त्रज्ञ व त्यांच्या आसपास असलेले तीन पर्यटक स्फोटात मृत्युमुखी पडले, ही गोष्ट आमच्या व्यवसायात कोणीही विसरलेले नाही. वाटाडे इतके दक्ष आणि सामान इतके ढिसाळ, याचा मेळ मला लागला नाही. दाखवल्यावर दोन बदलून मिळाली, तिसऱ्यासाठी मी माझी दोरी वापरली. हेडलॅम्प मात्र सर्व नवे होते.

शाकाहारी जेवणाची सोय बरी होती; टोमॅटो, वांगी आणि केपरची भाजी चार दिवस चालली.

परतीच्या दिवशी समुद्र खवळल्याने सिसिलीतील मिलात्सो बंदराची जलद बोट रद्द झाली. तो दोष कोणाचाच नव्हे, पण वाढलेल्या मुक्कामाचा खर्च आमच्यावर पडेल, हे करारात इटालियन भाषेत, शेवटच्या पानावर होते. जाणाऱ्यांनी परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत, हेल्मेट स्वतःचे न्यावे आणि सिल्वेस्त्री विवरांसाठी पूर्ण सकाळ हवी, असे करारातच लिहून घ्यावे.